गाळोबाचा रंग

२५ ऑगस्ट ८६, सोम.
कार्टून फिल्मच्या गाळ्यातले आमचे दिग्दर्शक काका आज परत गॅलरीत गाळोबा राक्षस होऊन चालले. खांद्यावर ओला टॉवेल, एक पाय ओढत, तोंडानं चिखलातून पाय उपसल्याचा आवाज. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्यांनी मशीन बंद करून बघितलं. त्रेसष्टाव्या वर्षी माणसानं असं चालावं का? पण मला दहा मिनिटांत चाल सापडली. दुपारपर्यंत सव्वीस चित्रं झाली.
"नलू, तो वाईट नाहीये, जड आहे. वाईट काढलास तर फाडीन." बारा वर्षं असल्या धमक्या ऐकतेय. एकही अजून फाडलेलं नाही.
घरी लेकीने, मिनूने, गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. खाडीतून गाळोबा आले, मोठी माणसं सगळी नाहीशी झाली, वर्सोव्याच्या एका शाळेच्या गच्चीवर पाच मुलं उरली. म्होरकी बायो, निळ्या गणवेशातली. गाळोबाला जिना नीट चढता येत नाही, पण भरती आली की तो एकेक मजला वर येतो. मिनू म्हणते, "आणि आई कधी परत येते?" म्हटलं, काकांना विचार. काका म्हणतात, मुलांना विचार.
सासूबाई आतून: "सांजवेळी पोराक भुताची गजाल कित्याक गो?"

३ सप्टें., बुध.
उद्या गावी. गणपती. आमच्यातली निम्मी कोकणातली, त्यामुळे गाळा दरवर्षी ओस पडतो. राहिले काका, रंगवणारी शोभा आणि तिच्या हाताखालच्या तीन मुली. गाळोबाचे तीनशे बारा सेल (पारदर्शक फिल्मवरची चित्रं) रंगवायचे आहेत, मी येईपर्यंत होतील म्हणते शोभा.
पहिला भाग टी.व्ही.वाल्यांना आवडला तर पुढचे बारा. नाही तर आहेतच साबणाच्या जाहिराती. गाळ्याचे मालक शेठ परवा जिन्यात थांबवून म्हणाले, "काका थकलेत हो. दादरचा एक तरुण आहे माझ्या नजरेत, चटपटीत आहे. गरज लागली तर त्याच्याकडे देऊ." काकांनी ही गोष्ट अकरा वर्षं उराशी धरून ठेवलीय. मी म्हटलं, काका अजिबात थकलेले नाहीत. जरा जोरातच म्हटलं गेलं.
दमट हवेनं बाटल्यांची लेबलं सुटतायत, डिंक धरत नाही. काकांनी रंगांना नंबर कधी दिलेच नाहीत, नावं दिली. खाडी, गणवेश, पेरू, जुनी भिंत. शोभाला बजावलं, लेबल निघालं तर अंदाजानं चिकटवू नकोस, काकांना विचार.

१५ सप्टें., सोम.
वाट लागली.
फळ्यांवर वाळत घातलेले सेल उलटून बघितले. (रंग पाठीमागून भरायचा, खरं काय ते पुढूनच कळतं.) गाळोबा निळा. तीनशे बारा वेळा निळा. नुसता निळा नाही, गणवेशाचा निळा. खाडीचा राखाडी-मातकट कुठेच नाही. राक्षस आणि बायो दोघं एकाच ताग्यातून कापल्यासारखे.
शोभा रडकुंडीला आली. "नलूताई, तुम्हीच सांगितलं होतं ना काकांना विचार म्हणून. लेबलं निघालेल्या दोन्ही बाटल्या नेल्या, म्हटलं यातली खाडी कुठली. काकांनी खिडकीशी धरून बघितल्या आणि हीच दिली. मला वाटलं काकांनी बदलला असेल."
बरोबर आहे तिचं. काकांच्या रंगावर इथे कुणी शंका घेत नाही. मीही घेतली नसती.
पण काकांनी...

१६ सप्टें., मंगळ.
आज एक वाईट गोष्ट केली. त्याच दोन बाटल्या नेल्या आणि विचारलं, "काका, यातला पेरू कुठला?" दोन्हीत पेरू नव्हता. काकांनी खिडकीकडे वळून डोळे बारीक केले, म्हणाले, "डावी. कळत नाही का तुला एवढं?"
बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.
आता सगळं आठवतंय. चहाचा कप चाचपून उचलणं. पेपर मला मोठ्याने वाचायला लावणं, "तुझा आवाज चांगला आहे" म्हणून. आणि मी हुरळून वाचत होते, मूर्ख. रेघ अजून सरळ येते त्यांची, हाताला पाठ आहे. रंग गेलेत.

२० सप्टें., शनि.
कोरे सेल संपलेत, नवीन यायला महिना. आहेत ते धुवावे तर शाईच्या रेघाही जाणार. कॅमेऱ्याची तारीख सोमवारची. म्हणजे निळाच जाणार.
शोभा म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिच्या मुलींनाही दम भरलाय. शेठना कळलं की काकांना दिसत नाही, तर दादरचा चटपटीत दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसेल. आणि काकांना कळलं की...? ते स्वतःच उठतील खुर्चीतून. ओळखते ना मी त्यांना.
संध्याकाळी निघताना त्यांनी विचारलं, "चिखल बरोबर लागलाय ना गं?"
"हो काका."
बारा वर्षांत पहिलं खोटं. वर त्यांनी सासूबाईंसाठी वर्सोव्याचे सुके बोंबील दिले, कागदात नीट बांधून, "म्हातारीला सांग, या खेपेला वाळू नाहीये." पिशवी धरून मी स्टेशनपर्यंत रडत गेले. लोकांना वाटलं असेल वासाने.

२९ सप्टें., सोम.
नवी पद्धत. उरलेल्या देखाव्यांचे रंग मी काकांनी न विचारता सांगते, सहज बोलल्यासारखं. "काका, आभाळ आज डाळीच्या पाण्यासारखं आलंय." "काका, गच्चीची भिंत शेवाळलीय, जरा जास्तच." ते म्हणतात, "मग जुन्या भिंतीत थोडं पांढरं घाल." झकास जमतं. मी डोळे, ते डोकं. फक्त गाळोबाबद्दल मी काही बोलत नाही आणि तेही विचारत नाहीत.

७ ऑक्टो., मंगळ.
फिल्मची प्रिंट आली. गाळ्याचे पडदे ओढून पाहिली. काका भिंतीपासून तीन फुटांवर स्टूल घेऊन बसले, जवळजवळ चित्रातच. गाळोबा पहिल्यांदा पाण्यातून डोकं काढतो, जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात ठेवतो आणि थांबतो. सव्वीस चित्रांची ती चाल. काकांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.
"जड झालाय," म्हणाले. "छान जड झालाय."
सांगून टाकावं असं दहादा वाटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१२ ऑक्टो., रवि.
आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी पोरांना पहिला भाग दाखवला. खिडक्यांना चादरी, शोभा प्रोजेक्टरवर. काकांचा हट्ट, टी.व्ही.वाल्यांच्या आधी पोरांनी बघायला पाहिजे. बोरिवलीतली निम्मी पोरं आली असावीत, काही तर मी आयुष्यात पाहिलेली नाहीत. मिनू "माझ्या आईने काढलंय" म्हणत पहिल्या रांगेत.
गाळोबा आला तेव्हा किंचाळले, एकाने चप्पल फेकली. काका खूश.
दिवे लागले. काकांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय? दोन नंबरमधली सुजाता उभी राहिली, सातेक वर्षांची, दात पडलेली.
"गाळोबा पण बायोच्या शाळेतला होता का?"
काका म्हणाले, "असं का वाटलं गं तुला?"
"त्याच्या अंगाला गणवेशाचाच रंग आहे ना. निळा."
मी शोभाकडे बघितलं, शोभाने प्रोजेक्टरकडे. काकांनी माझ्या बाजूला तोंड वळवलं, मी कुठे बसलेय ते त्यांना आवाजावरून माहीत होतं. मग परत सुजाताकडे.
"तुला काय वाटतं?"
"मला वाटतं त्याला जिना चढायला उशीर झाला."
मागून कुठलंसं बारकं पोर रडवेलं होऊन ओरडलं, "मग त्याला वर घ्या ना!"
स्टेशनवर सोडायला गेले. मी म्हटलं, काका... ते म्हणाले, "पोरं हुशार आहेत तुमच्याकडची." आणि गाडीत चढले.

१४ ऑक्टो., मंगळ.
काका आले नाहीत. सासूबाईंना सगळं सांगितलं. बोंबील भाजता भाजता म्हणाल्या, "लपयल्यान लपता काय गो? तेका आदीच ठावक असतला."

१५ ऑक्टो., बुध.
आले. कुणाकडे न बघता म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक पिकलाय, दिवाळीनंतर काढायचा. दोन वर्षं डॉक्टर सांगत होता. म्हटलं पहिला भाग होऊ दे." मग शोभाला, "चहा टाक."
शेठना त्यांनी स्वतः सांगितलं. दार लावून. बाहेर काही ऐकू आलं नाही. शेठ जाताना मला म्हणाले, "बघू. तिकडून उत्तर येईपर्यंत काही बदलत नाही." म्हणजे उत्तर आल्यावर?
निळ्याबद्दल अजून चकार शब्द नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

२४ ऑक्टो., शुक्र.
टी.व्ही.वाल्यांकडे दाखवून झाला. तिघं होते. एक बाई हसल्या, दोनदा. एक गृहस्थ म्हणाले, मोठी माणसं पहिल्याच भागात परत येतील असं करता येईल का, मुलं घाबरतील. काका म्हणाले, "मुलं घाबरली नाहीत साहेब. मुलांनी त्याला वर घ्यायला सांगितलंय." ते गृहस्थ "कुणाला?" म्हणाले.
पत्राने कळवू म्हणाले.

७ नोव्हें., शुक्र.
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घाटकोपरचं हॉस्पिटल, आठ दिवस राहायचं, मान हलवायची नाही. डोळ्यावर हिरवा कापडी तुकडा. हलायचं नाही म्हटल्यावर काकांचं तोंड दुप्पट चालतं. नर्सला गाळोबाची पूर्ण गोष्ट सांगून झालीय, ती ड्यूटी संपल्यावरही बसली होती.
"नलू, भिंत कुठल्या रंगाची आहे?"
"पेरूच्या आतल्या. पांढऱ्या पेरूच्या."
"खोटं नाही ना?"
चेष्टेतच म्हणाले असतील. मी त्यांच्या उशाशी बसून पेरू चिरत होते (खरा), सुरी तिथेच थांबली. म्हटलं, "काका, मला सांगायचं होतं."
"आत्ता नको. दिसायला लागलं की दाखव. सगळं."
माझा जीव आहे या माणसावर. सख्ख्या काकांवर नव्हता एवढा. बापाच्या माघारी नोकरी शोधत आले होते, एकोणीस वर्षांची, आणि पहिलाच सेल शाईने बरबटला. म्हणाले होते, "बरं झालं. आता दुसरा दे." ह्याच माणसाला मी आंधळ्यासारखं वागवलं. तो आंधळा होता तरी.

२० डिसें., शनि.
चष्मा लागला. ह्या जाड काचा. आत आले, दारातच थांबले. सगळीकडे बघितलं, हावरटासारखं. शोभाला म्हणाले, "तू बारीक झालीस." मला, "तुझे केस पिकलेत की गं." बाहेरच्या पत्र्याच्या निळ्या छपराकडे बघून म्हणाले, "एवढा निळा असतो होय?"
मग स्टुलावर बसले. "काढ."
गाळोबाचा डबा काढला. वरचाच सेल दिला, पायरीवर हात ठेवलेला. त्यांनी तो उजेडात धरला. लेथवाल्यांचं मशीन चालू होतं. शोभा चहा टाकायचं विसरली.
"ही बाटली कुणी दिली?"
"तुम्ही."
"हं."
मी म्हटलं, चूक माझी, मी गावी गेले, मी खोटं बोलले, नवीन सेल आलेत, सगळे परत रंगवू, तीनशे बाराच्या तीनशे बारा, मी एकटी रंगवीन.
काकांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी बायोचा एक सेल मागितला आणि गाळोबावर ठेवला, टेबलावरच्या खुंट्यांत नीट बसवून. ती वरच्या पायरीवर, हा खालच्या. खूप वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला.
"कितवीत होता गं हा?"
मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हटलं, माहीत नाही काका.
"मग शोध. दुसऱ्या भागात लागेल."
पत्र अजून नाही. शेठ परवा दादरच्या त्या मुलाबरोबर दिसले म्हणे, शोभाने पाहिलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "दिसू दे. मलाही आता सगळे दिसतात."
घरी येऊन दुसऱ्या भागाच्या पहिल्या कागदावर लिहिलं, इयत्ता चौथी. मग खोडलं. मिनू क्लासहून आली की तिला विचारते.