उन्हावर चाललेला फ्रीज

शनिवार, संध्याकाळ. पवनानगर.

"या वयात हे खूळ कशाला?" सकाळी फोनवर पुन्हा तेच, चिरंजीवांचे. मोटरहोमच्या टपावर सोलर पॅनेल काय मिरवायला बसवले? त्याची अट: फ्रीज चालला, इन्सुलिन गार राहिले, तरच धरणाकाठी एकटीने मुक्काम. नाहीतर लोणावळ्याचे हॉटेल.

आणि दुपारी पाहते तर फ्रीजची बॅटरी उतरलेली. त्याचेच खरे होणार म्हणून संताप आला. मग वर बघितले. शेतमालकीण कमलने मायेने गाडी जांभळाखाली लावायला लावली होती, आणि मीही सावली म्हणून खूश. गाडी उन्हात घेतली तशी ती धावत आली. "मावशी, येड लागलं का? आतलं समदं तापंल की."

तासाभरात बॅटरीचा दिवा हिरवा. इन्सुलिनशेजारची पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. तिने गालाला लावली.

"ह्ये उन्हानं गार केलं?"

"हो."

"आन् मी जलमभर नुसतं डोक्यावर घेतलं."

मग बाटली मीही गालाला लावली.

चिरंजीवांना कळवले, आज हॉटेलात जात नाही. उद्याचेही सांगता येत नाही.