पिवळी पट्टी

लालबाग, २० मे १९६०

कुशाबा यांस,

नावाआधी कै. लावायचं की नाही ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. नवऱ्याचं नाव लिहायची ही माझी पहिलीच वेळ.

ठाकूरद्वारचे पेस्तनजी शेठ बंबवाल्यांच्या जुन्या चामडी टोप्या जमवतात. कुठली टोपी कुठल्या गिरणीची, ते मी ओळखून देते. तुमच्या आणि आसपासच्या गिरण्यांच्या बंब-पथकांतल्या गड्यांच्या बायका घाम टिपायला टोपीत लुगड्याची पट्टी शिवायच्या. प्रत्येकीचा टाका मला ठाऊक आहे.

काल सुरतेच्या एका गिरणीतून टोपी आली. आत पिवळी पट्टी होती, टाका अनोळखी, बारीक. ती उसवली तर खाली माझी हिरवी पट्टी निघाली.

छप्पन सालच्या गोळीबाराच्या दिवशी हीच टोपी घेऊन तुम्ही पाळीला गेलात. प्रेतसुद्धा मिळालं नाही. चाळीने फळ्यावर हुतात्मा म्हणून तुमचं नाव रंगवलं. मी बांगड्या फोडल्या.

तुमच्या डाव्या कानामागच्या गाठीला लागू नये म्हणून मी पट्टीत खाच ठेवायचे. पिवळ्या पट्टीतही तिथेच खाच आहे.

शेठनी विचारलं, "मालनबाई, कोणाची हाय ही?"

"माझ्या ओळखीची नाही," म्हटलं.

पिवळी पट्टी मी तिच्याच भोकांतून परत शिवून टाकली. गिरणीचा पत्ता शेठकडे आहे. मी मागितला नाही.

उद्या चाळीत हुतात्म्याची बायको म्हणून माझा सत्कार आहे. नारळ आणि लुगडं देणार आहेत. मी जाणार आहे.

गं. भा. मालन