शेऱ्याखालची सही

प्रिय मुंगी,

शाळेत चारचौघांत तुला 'मॅडम' म्हणते, मुख्याध्यापिकेला म्हणायलाच हवं. पण पत्रात तू माझी सातवीतली मुंगीच. तू पाठवलेला दुसरा कागद आज कारकुनांनी आणून दिला. आता माझ्यासमोर दोन कागद आहेत. दोन्ही माझा तास पाहून तूच लिहिलेले. पहिल्यावर शेरा आहे, 'बाई प्रश्न विचारतात, पण उत्तराची वाट पाहत नाहीत.' दुसऱ्यावर नुसतं 'अध्यापन उत्तम.' सोबत चिठ्ठी, की हवा त्यावर सही करा आणि दुसरा फाडून टाका. सात महिन्यांनी मी निवृत्त होणार, आणि सही केलेला कागद माझ्या सेवापुस्तकात कायमचा राहणार, हे तुलाही ठाऊक आहे.

खरं सांगू? पहिला वाचला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं अपूर्णांक शिकवतेय मी. आणि जिला मी भागाकार शिकवला, ती कालची पोर मागच्या बाकावर बसून माझे प्रश्न मोजते? बावन्न प्रश्न, त्यातल्या एकेचाळीसांची उत्तरं बाईंनी स्वतःच दिली म्हणे. घरी येऊन ह्यांच्यापुढे खूप तणतणले. वाटलं, माझी बाजू घेतील. तर पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "घरी तरी काय वेगळं आहे?" दोन दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी, केवळ तुला खोटं पाडायचं म्हणून, वर्गात विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? आणि ठरवलं, मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही. अगं, चारपर्यंतच जीव नकोसा झाला. पहिल्या बाकावरचे तिघं हात हलवून हलवून थकले, त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. आपल्या वर्गातला पंखा एवढा कुरकुरतो, हे मला त्या दिवशी कळलं. नऊ म्हणतेय तोच खिडकीजवळची एक मुलगी उठली. वर्ष सुरू झाल्यापासून हजेरीपलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता. म्हणाली, "बाई, पण कशाचा? छोट्या कलिंगडाचा की मोठ्या?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. विचारायला मी कुणाला सवड तरी कुठे दिली होती? उरलेला तास कलिंगडावरून भांडण्यात गेला, तीन उदाहरणं राहून गेली, आणि घंटा झाली तरी पोरं जागची हलेनात. मला इतका आनंद झाला, की घरी जाऊन ह्यांच्याशी आधी मीच बोलले.

पण झोपताना तू डोळ्यांसमोर आलीस. शेवटचा बाक, दोन घट्ट वेण्या. मी प्रश्न विचारला, की तू मान वर करायचीस, श्वास घ्यायचीस, आणि तोवर मी पुढच्या प्रश्नावर पोचलेली असायचे. वर्षाअखेर तुझ्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, 'अबोल. आत्मविश्वास कमी.' तुला उत्तरं येत होती ना गं? सगळी येत होती. मीच थांबले नाही. आणि तू मुख्याध्यापिका झालीस तेव्हा सगळ्या शिक्षकांना चहा पाजून सांगत सुटले, की हिला मी घडवली.

तर ऐक. मी पहिल्या कागदावर सही केली आहे, तो या पत्राला जोडलाय. दुसरा तुझ्याच हुकमाने फाडला. म्हातारीला जाताजाता वाईट वाटू नये म्हणून दिलेलं 'उत्तम' मला नको. गुरुवारी तिसऱ्या तासाला ये, मागे बस आणि पुन्हा मोज. तुझ्याबद्दलचा माझा शेरा चुकला होता, तो मी मागे घेते. ज्या बाईंसमोर वर्षभर तुला एक शब्द बोलता आला नाही, त्यांच्याच कागदावर तू खरं ते लिहिलंस, याचा मला फार फार अभिमान वाटतो. आता 'मी घडवली' असं कुणाला सांगणार नाही. माझ्या वर्गात बसूनही तू अशी घडलीस, हेच सांगत फिरणार आहे.

तुझीच,
अजून सात महिने तुझ्या हाताखालची,
गणिताची बाई