पाडळीवरचा तांबेरा

१४ सप्टें., रवि.
बोरिवलीच्या डोंगरावरील पाडळ क्र. ४. पानांच्या खालच्या बाजूस तांबेरा. जूनमध्ये याच झाडावर एकही ठिपका नव्हता. चार पाने, पाकीट ११२. उद्या अंधेरीला वृषालीच्या प्रयोगशाळेत पोचते करणे. सूक्ष्मदर्शकाखाली मला तरी जुनीच बुरशी वाटते. तिचे नेहमीचेच : "काका, दिसण्यावर जाऊ नका. डीएनए बघू."

डोंगरावरून परस्पर मुलुंडला, गावड्यांच्या रोपवाटिकेत. घाटकोपरच्या पाडळीच्या शेवटच्या शेंगांतून त्यांनी चाळीस रोपे वाढवली आहेत. ते झाड त्यानंतर फळलेले नाही. "काय बीकॉम, आज कुणाची पानां चोरलास?" (वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही, म्हणून मी त्यांचा "बीकॉम".) चाळीसही रोपांची पाने उलटून तपासली. सर्व स्वच्छ. गावडे खूश.

२६ सप्टें., शुक्र.
वृषालीचा फोन. मी आजवर दिलेल्या सातही पाकिटांत एकच बुरशी, आणि ती जुन्या नोंदींतील नव्हे. नवी जात. आनंद मिनिटभर टिकला. "बोरिवली, मुलुंडचा डोंगर, घाटकोपर. मध्ये एक पाडळ नाही, तरी सगळ्यांचा डीएनए तंतोतंत सारखा. वाऱ्याने इतकं नीट पसरत नाही, काका." मग कशाने? "तेच तुम्हाला विचारतेय."

२७ सप्टें., शनि.
पाकिटे तारखेनुसार मांडली. प्रत्येक झाड माझ्या पहिल्या फेरीत निरोगी, दुसऱ्या फेरीत ग्रस्त. क्रमही माझ्याच फेऱ्यांचा. क्र. ६ कुंपणाआड आहे, त्याला कधी हात लागला नाही. ते अद्याप स्वच्छ.

कात्री दर वेळी स्पिरिटने पुसतो. पिशवी नाही. सदऱ्याच्या बाह्या नाहीत. हात...

१४ तारखेची दुपार. चाळीस रोपे, एकेक पान.

वृषालीला कळवले. लागण झाली असल्यास ठिपके दोन-तीन आठवड्यांत दिसतील म्हणाली. गावड्यांना सांगणे माझ्याकडे.

१ ऑक्टो., बुध.
अजून सांगितलेले नाही. काय बोलायचे ते तीनदा लिहून काढले, तीनदा फाडले. सौ. म्हणाली, "गावडे काय खाणार आहेत का तुम्हाला? फोन उचला आणि सांगा."

५ ऑक्टो., रवि.
धुतलेले कपडे, पिशवी नाही. रोपवाटिकेच्या फाटकाबाहेरच थांबलो. "काय बीकॉम, आज सोवळ्यात?"

सर्व सांगितले, १४ तारखेसह. गावडे म्हणाले, "बाराच रवलीत. बाकीची गेली."

कुठे?

"दहिसर, कुर्ला, सांताक्रूझ... ज्यांनी मागली त्यांका दिली."

नावे, पत्ते लिहून घेतले असतील.

"झाड देताना नाव कोण इचारता?"

नंतर ते आत गेले आणि एकेक रोप फाटकापाशी आणून, पाने उलटून मला दाखवू लागले. मी हात पाठीमागे ठेवले होते. अकरा स्वच्छ. बाराव्याचे पान त्यांनी उलटले, आणि बराच वेळ माझ्याकडे वळवले नाही.