साडेसतरा इंच

सोमवार, ३ मार्च

या हातांनी केलेलं: गोल टेबल एक, व्यास सात फूट. खुर्च्या तीन. भिंतभर युद्धाचा नकाशा, हातानं रंगवलेला, नद्यांसकट. काळे टेलिफोन चार – एकाची घंटा खरोखर वाजते! दौती, टाक, लाखेचा शिक्का आणि तीन देशांच्या युतीचा तो करारनामा. सतराच्या सतरा कलमं टाकानं लिहिली. कॅमेऱ्याला दोनच दिसणार आहेत. असू दे.

खुर्च्यांची बैठक जमिनीपासून साडेसतरा इंच. तिन्हींची. संदर्भाला एकच धुरकट फोटो मिळाला. त्यात टेबलावर काडेपेटी पडलेली, तिच्यावरून मापं काढली. आठवीनंतर शाळा नाही माझी. कलाविभागातल्या पदवीवाल्याला ती काडेपेटी दिसलीच नव्हती!

सेटवर मला ‘फूटपट्टी’ म्हणतात. म्हणोत. बावीस वर्षं मालिकांची कामं करतोय, एकाही मालिकेच्या शेवटी नाव नाही. कायम ‘आणि इतर’. या वेळी निर्मात्याच्या मॅनेजरनं शब्द दिलाय. या वेळी नाव घेतल्याशिवाय सोडत नाही.

बुधवार, ५ मार्च

दुपारी पंतप्रधानांचा सेक्रेटरी आला. (नटांना मी भूमिकेनंच ओळखतो.) ‘उस्ताद, साहेबांची खुर्ची अर्धा इंच उचला ना. फक्त त्यांचीच. बोलायचं नाही कुठे.’

चहाच्या वेळी मार्शलचा ड्रायव्हर. तेच!

निघता निघता अध्यक्षांच्या बायकोचा फोन. ‘भाऊ, यांची खुर्ची तेवढी...’

आणि म्हणे हे तिघं मिळून युद्ध जिंकणार!

गुरुवार, ६ मार्च

तिन्ही खुर्च्या पालथ्या घातल्या. पायांना पॉलिश केलं, लाकडी हातोडीचे चार दणके दिले, सुलट्या केल्या. तिघांना एकेकटं गाठून निरोप – ‘बसून बघा.’

बसले. पंतप्रधान म्हणाले, ‘वा! आता कशी बैठक वाटते!’ मार्शल नुसताच गालात हसला.

साडेसतरा. एक सूतही हललेलं नाही.

हिला सांगितलं तर पोट धरधरून हसली. मग एकदम थांबली. ‘अहो, पण कळलं म्हणजे?’

शनिवार, ८ मार्च

कळलं.

तालमीनंतर पंतप्रधानांनी मॉनिटरवर स्वतःला बघितलं. तिघांत सर्वांत बुटके, होते तसेच! टेप मागवली. अंगावर पूर्ण पोशाख, छातीवर पदकं खुळखुळतायत, आणि स्वारी गुडघ्यांवर बसून तिन्ही खुर्च्या मोजतेय. सगळं युनिट बघत होतं.

दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘फूटपट्टी, कर ना रे बाबा अर्धा इंच. कोण मोजायला जातंय?’

‘मी.’

‘अरे, नाटक आहे हे!’

‘आठ भाग हे तिघं एकमेकांच्या उरावर बसायला बघतात. एकमत होतं ते एवढ्यावरच – कुणीही वर बसायचं नाही. तुम्हीच लिहिलंय. म्हणून तर टेबल गोल. एकाला उचलायचं असेल तर आधी माझा करारनामा फाडा.’

दिग्दर्शकानं तिन्ही खुर्च्यांकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, ‘राहू दे साडेसतरा. त्याला मी समजावतो.’

मॅनेजर जाता जाता पुटपुटला, ‘नावाचं मग बघू.’

समजलो.

रविवार, ९ मार्च

सुट्टी. कार्यशाळेत जाऊन टेबलाला मेण लावलं. लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवार, १० मार्च

नववा भाग झाला. करारावर सह्या! तिघं बसले, तिघांची कोपरं एका रेषेत. पंतप्रधानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण काम जीव तोडून केलं, हे कबूल करायला हवं. बरोबर वेळेला टेलिफोन वाजला – माझाच!

रविवार, ८ जून

नववा भाग आज दाखवला. ही आणि मी हललो नाही जागचे. शेवटी नावं धावली. केशभूषा, वेशभूषा, चहापाणी. ‘आणि इतर’.

‘अहो, चहावाल्याचंसुद्धा आलं!’

‘खुर्च्या बघितल्यास?’

‘बघितल्या. सारख्या होत्या.’ मग टीव्ही बंद करत म्हणाली, ‘अगदी सारख्या होत्या हो.’

सोमवार, ९ जून

नऊ मार्चचं पान आज पुन्हा वाचलं. खोटं लिहिलंय. त्या दिवशी पंतप्रधान एकटेच कार्यशाळेत आले होते. टेप स्वतःची घेऊन. अर्धा इंच हवा होता, त्यांच्या एकट्याच्या खुर्चीला, दिग्दर्शकाच्या नकळत. बदल्यात माझं नाव – एकट्याचं, पडदाभर, दर भागाला. मॅनेजरला तिथूनच फोन लावायला निघाले होते. नको म्हणालो. हिला अजून सांगितलेलं नाही. आणि वर रोख तीन लाख देत होते.