श्वासाची जागा

बाबा,

इथूनच तुमच्या पाया पडतो. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो, आईला सांगा.

आजोबांच्या काळातल्या मोठ्या जाझ बँडला हल्ली पुन्हा बहर आलाय. लोक त्यासाठी नव्या रचना लिहितात आणि आमच्या बँडने चक्क माझी निवडली! पण काल पहिल्याच तालमीत फजिती झाली. मी सगळं कॉम्प्युटरवर लिहिलं होतं, आणि त्याला कधी धाप लागत नाही. ट्रम्पेटवाल्यांचे चेहरे लालबुंद झाले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने वाद्य मांडीवर ठेवून विचारलं, "राजा, आम्ही श्वास कुठे घ्यायचा?" सगळे हसले. मी ओशाळलो. ट्रम्पेटवाल्याचाच मुलगा ना मी!

आज प्रत्येक ओळ तोंडाने वाजवून बघितली, तुम्ही शिकवलं तशी, आणि जागोजागी विराम घातले.

पण मन काही थाऱ्यावर नाही. रविवारी फोनवर तुम्ही एवढ्याशा वाक्यात दोनदा थांबलात. आई मागून म्हणाली, "अरे, आत्ताच जिना चढून घरात आलेत."

बाबा, आपण तळमजल्यावर राहतो.

उत्तर तुमच्याच हातचं हवं, आईच्या हातचं नको.

तुमचा,
धाकटा