खाकी कागदातली माणसं

४ मार्च
वाचनालयात एका बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन. कागद, कापड, दोरे, रंग, सगळं एकावर एक चिकटवलेलं, मग वरचं खरवडलेलं. झाड ना घर, नाक ना डोळे! तरी मी तासभर हलले नाही. चपला घालून निघाले आणि परत आत गेले. प्रत्येक चित्रात मधोमध एक जागा कोरी. खाली लिहिलंय – ही मी सगळ्यात शेवटी भरते, कधी भरतच नाही.
मला करून बघायचंय. ह्या वयात!

६ मार्च
कागदाला तोटा नाही. ह्यांना दिसेनासं झालं आणि शिवणाचं दुकान बंद केलं, तेव्हा पेपर कटिंगचं गाठोडं माळ्यावर गेलं. चाळीस वर्षांतल्या गिऱ्हाइकांच्या पाठी, बाह्या, कॉलरी, सगळ्या खाकी कागदात कापलेल्या. "रद्दी झाली सगळी," म्हणाले होते. तेव्हापासून रेडिओ आणि खुर्ची, बाकी बोलणं नाही.
प्रत्येक कागदावर पेन्सिलीने ओळख. 'बँकेतले, उंच.' 'डॉक्टरीणबाई.' 'पोस्टातले धाकटे.' गाठोडं उलथंपालथं केलं – माझं एकही नाही. माझे ब्लाउज आपले असेच, अंदाजाने, उरलेल्या वेळात. सगळ्या जगाचं माप घेतलं, बायकोचं तेवढं राहिलं!
डॉक्टरीणबाईंची बाही टराटरा फाडली. फार बरं वाटलं.

९ मार्च
जुन्या कपाटाचं दार आडवं टाकलंय, त्यावर चित्र. खळ शिजवते, चिकटवते, रंगवते. कंबरेचा काटा ढिला झालाय, पण इतकी खूश मी कधी होते आठवत नाही. "कसला वास गं?" ह्यांनी विचारलं. "पडद्यांना खळ घालतेय." – खोटं!

१० मार्च
मधली जागा रिकामीच. काहीही ठेवलं तरी उपरं दिसतं.

१२ मार्च
मेले मी!
काजबटण आली होती. ह्यांच्या हाताखाली शिकली, पहिली दोन वर्षं नुसती काजबटणं केली, म्हणून हे नाव. आता स्वतःचं दुकान टाकतेय. हे म्हणाले, "माळ्यावरचं गाठोडं तुझं. परवा ने." किती महिन्यांनी हसले!
मी पाणी आणायला आत गेले ती आतच राहिले. ती गेल्यावर ओल्या फडक्याने कागद सोडवायला घेतले. पोस्टातले धाकटे हातातच विरघळले.

१३ मार्च
चहाबरोबर सांगून टाकलं. ह्यांनी कप खाली ठेवला.
"किती फाडलेस?"
"जवळजवळ सगळे. तुम्हीच रद्दी म्हणाला होतात."
"माणूस म्हणतो गं."
मग मला हाताला धरून चित्रापाशी न्यायला लावलं. खाली बसले. बोटं फिरवत राहिले. "हे बँकेतले. उजवा खांदा उतरता." पुढे – "ही डॉक्टरीणबाई. हिच्यावर कसला राग?"
मला रडूच फुटलं. "त्यात माझं एक कटिंग नाही," म्हटलं. उठून खुर्चीत जाऊन बसले. जेवलेही नाहीत.

१४ मार्च
काजबटण आली. मला वाटलं, भांडेल. तिने वही काढली. चित्र चाचपत हे सांगत गेले – कुणाचा खांदा झुकतो, कुणाला स्वतःचं पोट मान्य नाही – आणि ती हसत हसत लिहीत गेली. "मास्तर, हे कागदावर कुठे होतं?" म्हणाली. संध्याकाळपर्यंत चाललं. हे घसा बसेपर्यंत बोलले.
माझ्याशी मात्र एक अक्षर नाही. झोप येणार नाही आज.

१५ मार्च
बाजारातून आले तर मधली जागा भरलेली. खळ अजून ओली. ब्लाउजची पाठ, कडा थोड्या वेड्यावाकड्या. डावा खांदा अर्धा इंच खाली – माझा हात मोडला होता तेव्हापासून आहे तसा. ह्यांनीच अंदाजाने शिवलेल्या माझ्या ब्लाउजशी ताडून पाहिलं. तंतोतंत!
वर पेन्सिलीने, अक्षरावर अक्षर चढलेलं – 'आमची ही. माप लागत नाही.'